चेनसॉची कुंडली

जुनी चेनसॉ समोर आली तर ती कुठली, केव्हाची आणि कितीची हे ओळखायचं कसं? अमेरिका-युरोपातल्या संग्राहकांचा हा हटके अभ्यास आपल्या रेस्टोरेशन व्हिडिओंच्या वेडाला थोडा धक्का देणारा आहे.

रात्रीचे दोन वाजलेले असतात, सकाळी आठला प्रॅक्टिकल असतं आणि तरी तुम्ही तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघता. बोलणं नाही, चेहरा नाही, नुसते ग्लोव्हज घातलेले दोन हात. टेबलावर गंजाचा गोळा. स्क्रू निघतात, गंज उडतो, नवा रंग चढतो आणि वीस मिनिटांत त्या गोळ्याची चेनसॉ होते. दोरी ओढली की धडधडायलाही लागते. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, ‘भावा, आता ही कितीला जाईल?’

कदाचित रंग देण्याआधी गेली असती त्यापेक्षा कमीला! निदान ज्यांना त्यातलं कळतं त्यांच्याकडे तरी. यंत्र गंजून पार मातीला मिळालेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण मूळ रंग थोडाफार शाबूत असेल, कंपनीचं स्टिकर अर्धंमुर्धं का होईना वाचता येत असेल, तर त्यावर स्प्रे मारणं म्हणजे पुरावा पुसणं. (काही व्हिडिओंमध्ये तर गंजही मुद्दाम चढवलेला असतो. असो.) मूळ रंगातली, कागदपत्रांसकट जपलेली आरएक्स हंड्रेड आणि निऑन पट्टे मारून ‘मॉडिफाय’ केलेली आरएक्स हंड्रेड यांच्या भावातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

आता, चेनसॉच का? आपल्यातल्या अनेकांची तिच्याशी ओळख झाली ती ‘चेनसॉ मॅन’मुळे. छातीवरची दोरी ओढली की डोक्यातून करवत बाहेर काढणारा डेन्जी आणि आता बॅगेच्या झिपला लटकणारा पोचिता. बाकीच्यांनी ती पावसाळ्यात रस्त्यावर आडव्या झालेल्या झाडाजवळ, फायर ब्रिगेडच्या माणसाच्या हातात पाहिली असेल. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगडमधले रस्ते मोकळे झाले ते याच यंत्रांनी.

पण ‘व्हिंटेज चेनसॉ’ हा छंद मुळात आपल्याकडचा नाही. तो अमेरिका, कॅनडा, जर्मनी, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतला. जिथे लाकूडतोड हा मोठा उद्योग आहे आणि हिवाळ्यात शेकोटीला लाकूड लागतं, तिथला. आपल्याकडे माळ्यावर पितळी स्टोव्ह निघतो ना, तशी तिकडे आजोबांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात चेनसॉ निघते. आजोबा गेले, घर विकायला काढलं की गॅरेज सेलमध्ये ती बाहेर येते. एमएसला जायची तयारी करणाऱ्यांनो, पाच डॉलरचा टेबल लॅम्प शोधायला तुम्ही शनिवारी सकाळी ज्या गॅरेज सेलला जाणार आहात, तिथेच हे सगळं घडतं. शेजारच्या टेबलाखाली.

आधी मुठी मोजा

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे जुनी म्हणजे महाग. वय हे कुंडलीतलं एक घर झालं, अख्खी कुंडली नव्हे. तरीही सुरुवात वयापासूनच करावी लागते, आणि वय कळायचं तर थोडा इतिहास हवा.

‘चेनसॉचा शोध नक्की कशासाठी लागला?’ हा प्रश्न मध्यंतरी रील्सवर धुमाकूळ घालत होता. जे उत्तर फिरत होतं ते खरं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतपणात आईच्या कटिभागाचा सांधा कापण्यासाठी साखळीची छोटी हातकरवत वापरात आणली. वाचूनच अंगावर काटा येतो. पण तिला ना इंजिन होतं ना ती झाडासाठी होती. तशी एखादी आज सापडलीच तर ती वैद्यकीय उपकरणं जमवणाऱ्याकडे जाईल, आपल्या चेनसॉवाल्याकडे नाही.

लाकडाच्या चेनसॉची खरी गोष्ट जर्मनीत सुरू होते. १९२६ मध्ये श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी चेनसॉ बनवली. वजन ६४ किलो, चालवायला दोन माणसं. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली. ‘डोल्मार’ हा ब्रँड त्या डोंगराच्या नावाचा. १९२९ मध्ये श्टील यांचीही पेट्रोलवरची करवत आली, ४६ किलोची. (आपल्याकडे दुकानात ‘स्टीलची मशीन’ म्हणतात ती याच कंपनीची. पोलादाशी काही संबंध नाही, मालकाचं आडनाव आहे!)

४६ किलो म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा किंचित हलकं. ते घेऊन जंगलातला चढ चढायचा, मग झाडाच्या दोन बाजूंना दोघांनी उभं राहून, इंजिनाचा धूर नाकातोंडात घेत कापत राहायचं. म्हणून ओळखीची पहिली खूण अगदी सोपी आहे. मुठी मोजा. साखळी ज्या लांब पट्टीवरून फिरते, तिला ‘बार’ म्हणतात. बारच्या पुढच्या टोकालाही धरायला मूठ असेल, तर ती दोन माणसांची करवत. अशा करवती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे भरपूर बनल्या. अमेरिकेत डिस्टन या करवती बनवणाऱ्या जुन्या कंपनीने मर्क्युरीचं इंजिन लावून अशी करवत काढली होती, आणि ती युद्धात अमेरिकी सैन्यानेही वापरली.

एकट्या माणसाने उचलून चालवावी अशा करवतींचा जमाना आला तो युद्धानंतर. १९४९ मध्ये मॅकलक कंपनीची ‘३-२५’ आली. २५ पौंड, म्हणजे ११ किलोच्या आसपास. १९५० मध्ये श्टीलची ‘बीएल’ आली, १६ किलोची. वीस वर्षांत दोन माणसांचं ओझं एकाच्या हातात मावलं.

अळीने शिकवलेला धडा

आता साखळी बघा. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखेच टोकदार असायचे. ते लाकूड खरवडायचे, बारीक भुसा पाडायचे आणि पटकन बोथट व्हायचे. लाकूडतोड्याचा निम्मा दिवस कानशीने दात घासण्यात जायचा.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या लाकडाचे ओंडके फोडत असताना थांबला. ओंडक्यात एक जाडजूड अळी होती. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची. ती लाकूड उभं खाते, आडवं खाते, तिला दोन्ही सारखंच. कॉक्स तिच्या जबड्याकडे बघत बसला. तिचे दोन्ही जबडे इंग्रजी ‘सी’सारखे वळलेले होते आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं लाकूड कातरत होती. त्याने साखळीचे दात तसेच वळवले. एक डावा, एक उजवा. १९४७ मध्ये त्याने पोर्टलंडमध्ये कंपनी काढली. आजची बहुतेक प्रत्येक चेनसॉ त्याच कल्पनेवर लाकूड कापते, आणि ‘ओरेगन’च्या साखळ्या आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. बायोमिमिक्री हा शब्द आज डिझाइनच्या वर्गात पीपीटीवर येतो. कॉक्सने तो ऐकला असण्याची शक्यता शून्य.

ही गोष्ट भारी आहे, पण तिच्या भरवशावर करवतीचं वय ठरवायला जाल तर फसाल. कारण साखळी झिजते आणि बदलली जाते. १९४५ च्या करवतीवर दहा वर्षांपूर्वीची साखळी असू शकते. उलट, जुन्या करवतीवर जुन्या टोकदार दातांचीच साखळी असेल, तर समजा की हे यंत्र फार वापरलेलं नाही किंवा कुणीतरी मनापासून जपलंय. संग्राहकाचे डोळे अशा वेळी चमकतात.

साखळीपेक्षा भरवशाच्या खुणा इंजिनाच्या आसपास असतात. सुरुवातीच्या करवतींना जुन्या स्कूटरसारखा फ्लोटवाला कार्ब्युरेटर असायचा. स्कूटर आडवी पडली की बंद पडते, तशीच ही करवत आडवी धरली की बंद. पण झाड पाडताना करवत आडवीच धरावी लागते! मग उपाय काय? इंजिन उभंच ठेवायचं आणि फक्त बार फिरवून आडवा करायचा. त्यामुळे बार ज्या जागी बसवलाय तो सांधा फिरता असेल, तर तुमच्यासमोर पहिल्या काही पिढ्यांतली करवत आहे. पडद्यावर, म्हणजे डायफ्रॅमवर चालणारा कार्ब्युरेटर आला आणि करवत कशीही धरली तरी चालायला लागली.

तसंच गिअरचं. जुन्या अनेक करवतींत इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये गिअर असायचे आणि बाजूला त्यांची चांगली मोठी पेटी दिसायची. ताकद भरपूर, साखळीचा वेग कमी. श्टीलची १९५९ ची ‘कॉन्ट्रा’ गिअरशिवायची होती, इंजिनाची ताकद थेट साखळीला. १२ किलो वजन, सहा हॉर्सपॉवर. ती खूप गाजली आणि आजही शोधली जाते. त्याच वर्षी स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीची पहिली चेनसॉ आली. या कंपनीची सुरुवात १६८९ ची, बंदुकांच्या कारखान्यापासून. मध्ये शिलाई मशीन झाली, मोटरसायकल झाली आणि मग करवत. काही कंपन्यांना स्वस्थ बसवतच नाही.

पांढरी बोटं

इथे जरा थांबू या, कारण पुढची खूण यंत्राच्या अंगावर दिसत असली तरी ती माणसांच्या हातांवर उमटलेली होती.

दहा-बारा किलोचं, मिनिटाला हजारो फेरे मारणारं इंजिन आणि ते धरायला थेट त्याच्याच सांगाड्याला जोडलेला लोखंडी दांडा. दिवसाचे सहा-आठ तास, थंडीत, वर्षानुवर्षं. या थरथरीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. बोटं आधी सुन्न पडतात, मग थंडीत खडूसारखी पांढरी होतात. शर्टाचं बटण लावता येत नाही. लाकूडतोड्यांमध्ये या दुखण्याला नावच पडलं ‘पांढरं बोट’. नसांना झालेली इजा बहुतेकदा पूर्ण भरून येत नाही.

साठच्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांनी हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे तुकडे घालायला सुरुवात केली. थरथर हातापर्यंत पोचण्याआधी रबर ती गिळतं. आज जुनी करवत ओळखताना आपण हँडलच्या सांध्यापाशी वाकून बघतो की रबर आहे का. असेल तर ती साठच्या दशकाच्या मध्यानंतरची.

दुसरी अशीच खूण म्हणजे चेन ब्रेक. पुढच्या हँडलसमोर एक आडवं कवच असतं, ते पुढे ढकललं गेलं की साखळी क्षणात थांबते. हे बाजारात आलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. श्टीलने १९७२ मध्ये आणलं.

पण एक लक्षात घ्या. खूण असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही. ब्रेक असेल तर करवत सत्तरच्या आधीची नाही, हे पक्कं. ब्रेक नसेल तर ती सत्तरच्या आधीचीच, असं म्हणता येत नाही, कारण स्वस्त मॉडेलांना या सोयी खूप उशिरा मिळाल्या. ‘नो ब्रेक, सो प्री-सेव्हन्टी, रेअर!’ असं लिहून विकायला काढणारे भरपूर असतात. त्यांना हा एक प्रश्न विचारा आणि मजा बघा.

नाव एकाचं, धड दुसऱ्याचं

आता मॉडेल. इथे खरी डिटेक्टिव्हगिरी आहे.

सगळे जण आधी झाकणावरचं नाव वाचतात. एअर फिल्टरच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत मॉडेल लिहिलेलं असतं, त्यामुळे साहजिक आहे. पण झाकण दोन स्क्रूंवर निघतं. एकाच कुटुंबातल्या पाच-सहा मॉडेलांना तेच झाकण बसतं. मॅकलकच्या ‘टेन-सीरिज’मध्ये तर हा घोळ सर्रास. मोठ्या इंजिनाच्या मॉडेलचं झाकण छोट्या इंजिनावर, आणि भाव मोठ्याचा. कधी यात लबाडी असते. बरेचदा नसतेही, चाळीस वर्षांपूर्वी कुणा मेकॅनिकने हाताला लागलं ते झाकण लावलेलं असतं, इतकंच.

दुसरा घोळ आकड्यांचा. इंजिनाच्या धातूच्या अंगावर उठावदार आकडे असतात आणि लोक ते मॉडेल नंबर म्हणून शोधत बसतात. तो असतो त्या सुट्या भागाचा साच्यातला नंबर. तोच भाग अनेक मॉडेलांत वापरलेला असतो, त्यामुळे त्यावरून फार तर घराणं कळतं, व्यक्ती नाही. श्टीलच्या भागांवर ‘११०६’ने सुरू होणारा आकडा दिसला तर ती ०७० किंवा ०९० च्या घराण्यातली, एवढंच म्हणता येतं. मग ठोकून उमटवलेला सीरियल नंबर किंवा रिव्हेट केलेली छोटी पाटी शोधायची. होमलाइट कंपनीच्या करवतींवर ‘यूटी’ने सुरू होणारा नंबर असतो, तो मिळाला की जुन्या पार्ट्स लिस्टशी ताडून बघता येतं.

प्लास्टिकचे भाग असतील तर त्यांच्या आतल्या बाजूला एक गंमत असते. चिमुकल्या घड्याळासारखं वर्तुळ, त्यात बाण आणि भोवती १ ते १२ आकडे. तो भाग कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात साच्यातून निघाला, ते त्यावर असतं. खोटं वाटत असेल तर आत्ता घरातली एखादी प्लास्टिकची बादली किंवा क्रेट उलटा करून बघा, बहुधा सापडेल. अर्थात ती तारीख त्या भागाची, अख्ख्या यंत्राची नाही. पण चार वेगवेगळ्या भागांवर एकाच वर्षाच्या आसपासच्या तारखा मिळाल्या तर करवत अखंड आहे असं मानायला हरकत नाही. एकावर ७४ आणि दुसऱ्यावर ८३ असेल तर ती ‘जोडकाम’ आहे.

रंगाचं म्हणाल तर मॅकलक पिवळी, जोन्सेरेड लाल, हस्कवार्ना नारिंगी हे लांबून ओळखायला ठीक आहे. त्यावर पैज लावू नका.

सायलेन्सर उघडा

विकणारा म्हणतो, ‘मागच्या वर्षी चालत होती.’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक जुन्या बाजारात आहे, जुन्या बाइकवाल्यांकडून तुम्हीही ऐकलं असेल. त्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, कारण चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं आणि टू-स्ट्रोकच्या पोटात डोकावणं फार सोपं असतं. दोन-तीन स्क्रू काढले की सायलेन्सर निघतो. धूर बाहेर पडण्याच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारा, दोरी हळूहळू ओढा. समोरून पिस्टन सरकताना दिसेल. त्याची बाजू गुळगुळीत असेल तर छान. उभे ओरखडे, जणू मांजराने नखं मारलीत असे, दिसले तर कुणीतरी ऑइल न मिसळता पेट्रोल घालून इंजिन जाळलेलं आहे. तिथे ती करवत ‘चालू करता येईल’ या गटातून ‘सुट्या भागांसाठी’ या गटात जाते आणि भाव कोसळतो.

त्याहून सोपी एक युक्ती आहे. स्टार्टरच्या दोरीची मूठ धरून करवत नुसती लटकवायची (दोरी कुजलेली नाही ना ते आधी बघा, नाहीतर पायावर पडेल). करवत टप्प्याटप्प्याने, अडखळत, सावकाश खाली आली तर कॉम्प्रेशन चांगलं. सरळ सर्रकन खाली गेली तर इंजिनात दम नाही.

कार्ब्युरेटरमधलं रबर कडक होणं, पेट्रोलची नळी चिकट होऊन वितळणं हे जुन्या करवतीत धरूनच चालायचं. हे भाग किरकोळ पैशांत मिळतात. खरी डोकेदुखी सिलिंडर, पिस्टन आणि मॅग्नेशियमचं बाहेरचं आवरण. हे मोडलं आणि कंपनीने तो भाग बनवणं बंद केलेलं असलं की तशीच दुसरी मेलेली करवत शोधावी लागते.

मग कितीची?

आता मुद्द्याचं. वेबसाइटवर मागितलेला भाव हा भाव नसतो. कुणीही कशालाही हजार डॉलर मागू शकतं. ‘विकलं गेलेलं’ या फिल्टरखाली जे आकडे दिसतात तेवढेच खरे. हे फिल्टर न लावता किंमत सांगणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ढोबळ चित्र असं. घरगुती वापराची साधी करवत कितीही जुनी असली तरी पन्नास-शंभर डॉलरच्या आसपासच घुटमळते. मोठ्या इंजिनाची, व्यावसायिक, पूर्ण आणि चालू करवत काहीशे डॉलरला जाते. हजाराच्या पुढे जाणाऱ्या अगदी मोजक्या. आणि गंमत म्हणजे सगळ्यात म्हातारी, दोन माणसांची करवत बरेचदा या मोजक्यांत नसते. पन्नास किलोचं ते धूड कुरियरने पाठवायचं कसं आणि ठेवायचं कुठे? दुर्मीळ आहे, पण घेणाराही दुर्मीळ आहे. उलट सत्तरच्या दशकातली मॅकलकची ‘मिनी मॅक’ घ्या. ढिगाने बनली, ढिगाने उरली, आणि आत बोट घालायलाही जागा नाही म्हणून मेकॅनिक तिला शिव्या घालतात. तिला कुणी विचारत नाही.

मागणी कुठून येईल याचा तर नेमच नाही. मॅकलकने पन्नासच्या दशकाच्या शेवटी आपली करवतीची इंजिनं गो-कार्टसाठी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आज मॅकलकच्या काही मोठ्या करवतींमागे लाकूडतोडे नाहीत, जुन्या कार्ट पळवणारे आहेत. त्यांना फक्त इंजिन हवंय. होमलाइटची ‘एक्सएल-१२’ ही साठच्या दशकातली अगदी सर्वसामान्य करवत, पण ‘इव्हिल डेड २’मध्ये ॲशच्या तुटलेल्या हाताच्या जागी तीच बसवली होती. झालं! कॉस्प्ले करणारी पोरं ती शोधत फिरतात आणि त्यांना इंजिन चालू नसलं तरी चालतं. एकाच यंत्राचे दोन गिऱ्हाइक, दोघांना हव्या त्या गोष्टी पूर्ण वेगळ्या.

मालकाची गोष्टही भावाला फोडणी देते. मॅकलक कंपनीचे रॉबर्ट मॅकलक हे अचाट गृहस्थ. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्यांनी लेक हवासू सिटी नावाचं गाव वसवलं आणि तिथे लोक यावेत म्हणून १९६८ मध्ये चक्क लंडन ब्रिज विकत घेतला. २४ लाख ६० हजार डॉलर मोजून. दगड सुटे करून, नंबर टाकून अमेरिकेत आणले आणि १९७१ मध्ये पूल पुन्हा उभा राहिला. तो आजही तिथेच आहे. ज्या माणसाने इंजिनं आणि करवती विकून लंडनचा पूल घेतला, त्याची पिवळी करवत शोकेसमध्ये ठेवायला लोक चार पैसे जास्त देतात, यात नवल नाही.

मोठ्या इंजिनाचं वेड मात्र सगळीकडे सारखंच. श्टीलची ०९० ही १३७ सीसीची करवत. आरएक्स हंड्रेडचं इंजिन ९८ सीसी, तुमच्या अ‍ॅक्टिव्हाचं ११० च्या आसपास. म्हणजे अ‍ॅक्टिव्हापेक्षा मोठं इंजिन दोन हातांत धरायचं! तिची धाकटी बहीण ०७०, १०६ सीसीची. या घराण्याच्या वाटेला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे चिनी नकला. ०७० ची हुबेहूब कॉपी नवी कोरी मिळते. तिला थोडी धूळ, थोडा गंज लावला की झाली ‘व्हिंटेज’. ओतकामाच्या कडा खडबडीत, कंपनीचं उठावाचं नाव गायब किंवा अक्षरं किंचित वेडीवाकडी, सीरियल नंबरची जागा रिकामी अशी दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

दोरी ओढू नका

समजा सगळं जुळलं. पिस्टन स्वच्छ, झाकण खरं, भाव योग्य. आता ती चालवून एखादं लाकूड कापून रील बनवावं असं वाटेल. नका करू. खरंच नका करू.

बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडात अडकला की सगळी करवत क्षणार्धात उसळून मागे, थेट चेहऱ्याकडे आणि मानेकडे येते. याला किकबॅक म्हणतात. नव्या करवतीत अशा वेळी तुमचं मनगट कवचाला लागतं आणि साखळी थांबते. साठच्या दशकातल्या करवतीत ते कवचच नाही. तिला थांबवणारं काही नाही. ज्यांनी आयुष्यभर अशा करवती चालवल्या, ते जाणते संग्राहकही जुनी करवत चालू करतात तेव्हा पायात जाड चॅप्स, डोक्यावर हेल्मेट, कानावर मफ असतात आणि बहुतेकदा ते ती नुसती धडधडवून बंद करतात. आवाज ऐकायचा, धुराचा वास घ्यायचा, परत फळीवर ठेवायची.

आणि ती बॅगेत घालून भारतात आणायचा विचार असेल तर तोही सोडा. एकदा पेट्रोल पडलेलं इंजिन बहुतेक विमान कंपन्या सामानात घेत नाहीत, टाकी धुऊन वाळवली तरी. वास राहतोच.

कागद मात्र आणता येतात. जुन्या चेनसॉची मॅन्युअल्स, पार्ट्स लिस्ट, दुकानात लावायची रंगीत पोस्टर्स यांचेही संग्राहक असतात, कारण वर सांगितलेली सगळी डिटेक्टिव्हगिरी शेवटी याच कागदांशी ताडून बघायची असते. घर विकणाऱ्यांना ती रद्दी वाटते. गॅरेज सेलमध्ये ती बहुधा करवतीच्याच खाली, तेलकट खोक्यात, बोथट कानशी आणि एखाद्या गंजक्या प्लगबरोबर पडलेली असते. करवत घ्या किंवा सोडा, त्या खोक्यात एकदा हात घालून बघा.